डावा डोळा गेलाय, गाडीची चावी भावाकडं

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक भाऊ ३६ वर्षांचे, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, राहायला विजापूर रोडला. आठ महिन्यांपूर्वी मागावरचा धोटा उडून डाव्या डोळ्यावर बसला. ऑपरेशन झालं, डोळा राहिला पण नजर गेली. उजवा डोळा ठणठणीत, चष्मासुद्धा नाही. सुरुवातीला शेअर रिक्षानं, कधी मित्राच्या मागं बसून कामावर जायचे. दोन महिन्यांपूर्वी मोटरसायकल परत काढली, आधी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग रात्री अकराला पाळी सुटली की गाडीवरच घरी, सकाळी सात वर्षांच्या मुलीला शाळेत सोडणं, रविवारी मोहोळकडं गावी आईला भेटून येणं, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. थोरल्या भावाला कळल्यावर घरात मोठी वादावादी झाली, भावानं चावी काढून घेतली आणि "गाडी विकून टाक" म्हणाला. वाचक लिहितात, "ताई, मला खरंच काही फरक जाणवत नाही. लायसन १४ वर्षांपासून आहे. दोन महिन्यांत फक्त एकदा रिक्षाचा आरसा हाताला लागला, तो पण रिक्षावाला मध्ये घुसला म्हणून, आणि एकदा दारात लावताना चाक भिंतीला टेकलं एवढंच. डॉक्टरांनी गाडी चालवू नको असं सांगितलेलं नाही. पतौडी एका डोळ्यानं देशाकडून क्रिकेट खेळला, मला घर ते कारखाना जमू नये का? गाडी गेली तर मी घरात बसलेला माणूस होईन. भावाला कसं समजवू?"

भाऊ, भावाला कसं समजवायचं हे तुम्ही विचारलंय पण आधी मला तुमच्याशीच बोलायचंय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. गाडी विकायची काही गरज नाही. पण रात्रीचं चालवणं आजपासून बंद, मुलीला मागं बसवणं बंद, आणि दिवसाचं चालवणंसुद्धा डोळ्याची नीट तपासणी आणि रीतसर प्रॅक्टिस होईपर्यंत थांबवा. भावाचं "विकून टाक" मला पटलं नाही आणि तुमचं "काही फरक नाही" तेही पटलं नाही, कारण दोघांपैकी कुणीच अजून काही मोजून बघितलेलं नाही. तो घाबरून बोलतोय, तुम्ही जिद्दीनं बोलताय.

"मला फरक जाणवत नाही" हे वाक्य मी दोनतीनदा वाचलं. तुम्ही खोटं बोलताय असं मला अजिबात वाटत नाही, खरंच जाणवत नसणार. अडचण तीच तर आहे. डोळा गेला की त्या बाजूला काळा पडदा दिसतो असं लोकांना वाटतं पण तसं होत नाही, आपल्या डोक्यामागचं आपल्याला काळं दिसतं का, ते नुसतं नसतंच, तसंच हे. मेंदू उरलेल्या चित्रालाच पूर्ण चित्र समजून कामाला लागतो. म्हणजे न दिसलेली गोष्ट आपल्याला दिसली नाही हेसुद्धा कळत नाही. दोन महिन्यांत तुमच्या डावीकडून एखादा सायकलवाला किंवा रस्ता ओलांडणारी म्हातारी थोडक्यात वाचली असेल तर ती तुमच्या हिशोबात येणारच नाही, तुम्ही मोजलेत ते फक्त लागलेले दोन. म्हणून "जाणवत नाही" याला मी पुरावा मानू शकत नाही, आणि तुम्हीही मानू नका.

घरीच एक करून बघा. खुर्चीवर बसा, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एकाच आकड्याकडं बघत राहा, मान आणि डोळा हलवायचा नाही. बायकोला सांगा, चमचा घेऊन तुमच्या उजव्या कानामागून हळूहळू पुढं आण, दिसला की तुम्ही "हं" म्हणायचं. मग तेच डाव्या बाजूनं. उजवीकडं चमचा जवळपास कानाच्या रेषेत असतानाच दिसेल. डावीकडं तो गालापुढं, नाकाच्या बराच जवळ आल्यावर दिसेल, कारण उजव्या डोळ्याला त्या बाजूला तुमचंच नाक आडवं येतंय. दोन डोळ्यांनी माणसाला आडवं साधारण १८० अंश किंवा थोडं जास्तच दिसतं, एका डोळ्यानं १५० च्या आसपास. गेलेले तीसएक अंश सगळेच्या सगळे डाव्या बाजूचे आहेत. ही टेस्ट भावासमोर करा, हवं तर त्यालाच चमचा धरायला लावा.

अजून एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. प्रत्येक डोळ्यात जिथून नस आत जाते तिथं दिसायचं काम होत नाही, तो आंधळा ठिपका सगळ्यांनाच असतो, पण एका डोळ्याचा ठिपका दुसरा डोळा भरून काढतो म्हणून तो कधी कळत नाही. तुमच्या उजव्या डोळ्याचा ठिपका आता भरून काढायला कुणी नाही. कागदावर डावीकडं एक फुली काढा, तिच्या उजवीकडं आठेक सेंटीमीटरवर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान एक ठिपका काढा, कागद डोळ्यापासून फूटभर लांब धरून फुलीकडं बघत जरा पुढंमागं करा, एका जागी ठिपका गायब होईल. रस्त्यावर हीच जागा वीस मीटरवर जवळपास दोन मीटर रुंद होते, समोरून येणारा मोटरसायकलवाला अख्खा मावेल एवढी. म्हणजे डावी बाजू गेलीच आहे आणि उजवीकडंही एक भोक आहे. उपाय एवढाच की नजर एका जागी ठेवायची नाही, सतत फिरती ठेवायची, आणि हे आपोआप होत नाही, मुद्दाम लावून घ्यावं लागतं.

आता तुमचे ते "एवढंच" वाले दोन प्रसंग परत बघू. रिक्षाचा आरसा कुठल्या हाताला लागला ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला वाटतंय डाव्या हाताला लागला असणार. रिक्षावाला मध्ये घुसला असेलही, सोलापुरात रिक्षा कुठून कशी घुसेल ते आपण सगळेच जाणतो, पण एरवी तुम्हाला ती घुसताना आधी दिसली असती आणि तुम्ही चार शिव्या घालून ब्रेक मारला असता. यावेळी ती लागल्यावर कळली. आणि भिंतीला चाक टेकलं ते वेगळ्याच कारणानं. दोन डोळ्यांत थोडं अंतर असतं म्हणून प्रत्येक डोळ्याला जरा वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते काढतो, ती सोय आता गेली. तिचा सगळ्यात जास्त उपयोग जवळच्या अंतरासाठी असतो. चहा कपात ओतताना बाहेर जातो का, बटण लावताना बोट चुकतं का, जिन्याची शेवटची पायरी फसवते का, हे तुम्हाला आठवत असेल, पहिल्या महिन्यात नक्की झालं असणार. लांबचं अंतर आपण तसंही गाडीचा आकार किती मोठा होतोय, कुठली वस्तू कशाच्या मागं झाकली जातेय, सावली कुठं पडलीय यावरून ओळखतो, आणि ते सगळं एका डोळ्याला जमतं.

म्हणून गंमत अशी की लोकांना वाटतं एका डोळ्याच्या माणसाला हायवे अवघड जाणार, आणि अंतराच्या बाबतीत खरी फसवणूक होते ती सात रस्ता चौकातल्या गर्दीत, दहा-पंधराच्या स्पीडला, जिथं समोरच्या टेम्पोत आणि तुमच्या चाकात हातभर जागा आहे. रंग न मारलेला स्पीडब्रेकर, पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा, दुपारी बाराचं डोक्यावरचं ऊन जेव्हा कशालाच सावली नसते, इथं एका डोळ्याकडं खोली ओळखायला फारसं काही उरत नाही. त्याच खड्ड्याला सकाळी आठला सावली असते आणि तो लांबूनच दिसतो.

मेंदूला हे सगळं नव्यानं शिकायला वेळ लागतो पण तो शिकतो, ही चांगली बातमी. काहींना काही महिने लागतात, काहींना वर्षभर. तुमचे आठ झालेत, म्हणजे तुम्ही वाटेवर आहात. लहानपणापासून एकच डोळा चालणाऱ्या माणसाचं तेच शिकणं शाळेच्या वयातच झालेलं असतं, त्यामुळं "आमच्या गल्लीतला अमुक तीस वर्षं चालवतोय" ही तुलना तुम्हाला लागू होत नाही.

रात्रीबद्दल मात्र मी ठाम आहे. रात्री सावली नाही, रंग नाही, कडा नाहीत, वरच्या सगळ्या खुणा रात्री फार कमी होतात. समोरून एक दिवा येतोय, ती लांबची मोटरसायकल आहे की जवळ आलेला एक दिवा फुटका टेम्पो, हे दोन डोळ्यांच्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. समोरच्यानं अप्पर मारला की तुमचा एकुलता डोळा दिपतो आणि ती दोनचार सेकंदं तुम्ही अंदाजानंच जाता, ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत तेहतीस मीटर. आणि मोहोळचा रस्ता. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात, कित्येकांना मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि डबल ट्रॉली असली की पहिली बघून माणूस आत येतो आणि दुसरी नंतर दिसते. त्यात डाव्या कडेनं राँग साइडला येणारे मोटरसायकलवाले, नेमके तुमच्या न दिसणाऱ्या बाजूला. आईला भेटायला जायलाच पाहिजे, मी कोण नको म्हणणारी, पण एसटीनं जा. तिन्हीसांजेची वेळही रात्रीतच धरा.

पतौडीचं म्हणाल तर तो माझ्याही आवडीचा माणूस. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये उजव्या डोळ्याची नजर गेली, तीही मोटारीच्या अपघातातच, त्याच वर्षाच्या शेवटी तो भारताकडून पहिली टेस्ट खेळला आणि १९६२ मध्ये २१ व्या वर्षी कॅप्टन झाला. पण तो थेट मॅचला गेला नाही. आधी नेटमध्ये उभा राहिला, उभं राहण्याची पद्धत बदलली, टोपी डोळ्यावर ओढून बघितली, काय जमतं आणि काय नाही ते शोधून काढलं. शिवाय बॉल समोरूनच येणार हे बॅट्समनला माहीत असतं, कुणी डावीकडच्या गल्लीतून बॉल टाकत नाही. आणि चुकला तर तो आउट होऊन परत जातो. तुम्ही चुकलात तर मागं तुमची पोरगी बसलेली आहे, किंवा समोर दुसऱ्या कुणाची. पतौडीचं उदाहरण घ्यायचं तर नेटपासून घ्या.

डॉक्टरांनी चालवू नको म्हटलं नाही, बरोबर, पण तुम्ही विचारलं होतं का? पत्रावरून वाटतं नाही विचारलं, नकार येईल म्हणून. आता जाऊन सरळ विचारा, "एका डोळ्यानं मोटरसायकल चालवायचीय, काय काय तपासावं लागेल?" उजव्या डोळ्याची नजर चार्टवर किती ते लिहून घ्या, आणि फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, करून मागा, मशिनसमोर हनुवटी टेकवून बसायचं, दिवा दिसला की बटण दाबायचं, काही मिनिटांचं काम असतं. नुसतं चार्टवरची अक्षरं वाचता आली म्हणजे झालं असं नाही, अक्षरं सरळ बघून वाचतात, रस्त्यावर संकट बाजूनं येतं. डोळ्याचं प्रेशरही बघून घ्या आणि दरवर्षी बघत राहा, काचबिंदू गुपचूप बाजूची नजर खातो आणि तुमच्याकडं आता खाऊ द्यायला जास्तीची नजर नाही. अजून एक, हे घाबरवायला सांगत नाही पण माहीत असलंच पाहिजे. धोट्यासारख्या माराने डोळा फुटलेला किंवा फाटलेला असेल तर क्वचित पुढं काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनीही चांगल्या डोळ्याला सूज येऊ शकते. उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर किंवा तरंगते ठिपके दिसायला लागले तर मेडिकलमधून ड्रॉप आणून बघायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं.

लायसनचं सांगते. एक डोळा गेला म्हणून लायसन आपोआप रद्द होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६ प्रमाणे आरटीओला शंका आली तर ते मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतात आणि माणूस चालवायला योग्य नाही असं दिसलं तर लायसन रद्दही करू शकतात. १९८९ च्या नियमांबरोबर जी फिटनेसची घोषणा आली, फॉर्म १, त्यात चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का हा प्रश्न आहे, आणि लायसन निदान पाच वर्षं असून नंतर एक डोळा गेला असेल तर त्याचा वेगळा उल्लेखही आहे, पण तो बाहेरून आरसा लावलेल्या खासगी हलक्या मोटारीसाठी. दुचाकीचं तुम्ही स्वतःहून आरटीओत डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन जाऊन विचारा आणि त्यांचं म्हणणं कागदावर घ्या. कुणी एजंट "कशाला सांगताय, रिन्यूअलला बघू" म्हणेल, त्याचं ऐकू नका. उद्या काही झालं तर डोळ्याची गोष्ट लपत नाही, हॉस्पिटलच्या कागदावर ती असतेच, आणि मग रिक्षावाल्याची चूक असली तरी सगळं तुमच्या अंगावर येतं. बॅजवाले रिक्षा-टेम्पो चालक हे वाचत असतील तर तुम्हाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतंच, वरचं सगळं खासगी गाडीपुरतं आहे.

इथं विषय सोडून एक बोलते, कारण पत्रात याबद्दल एक अक्षर नाही आणि मला राहवत नाही. डोळा कामावर गेलाय. भरपाईचं काय झालं? कर्मचारी भरपाई कायदा १९२३ च्या परिशिष्टात (हा कायदा २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत गेला) दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची नजर गेली तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरलेलं होतं, आणि डोळाच काढावा लागला तर ४० टक्के. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर तो क्लेम ईएसआयकडं असतो आणि महिन्याला पैसे येऊ शकतात. कापलं जात नसेल तर मालकाकडं, आणि त्याला अपघातापासून ठरावीक मुदत असते. तुमचे आठ महिने गेलेत. मालकानं ऑपरेशनचं बिल भरलं म्हणून हा हक्क संपत नाही. पाळी बदलून मागायची, गाडीवर खर्च करायचा, या सगळ्याला तो पैसा लागणारच आहे. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचंही कुणीतरी सांगितलं असेल, दुसरा डोळा चांगला असला की ते ३० टक्क्यांचं मिळतं आणि बहुतेक योजनांना ४० लागतात, तेव्हा त्या फेऱ्यांत फार जीव गुंतवू नका.

तपासणी चांगली आली असं धरून पुढचं. आधी सायकल. हसू नका, सायकलवर मान फिरवायची सवय स्वस्तात लागते. डावीकडं बघायला आता नुसता डोळा पुरत नाही, हनुवटी खांद्यापर्यंत न्यावी लागते. चौकात शिरताना, डावीकडं वळताना, उभ्या रिक्षांच्या रांगेशेजारून जाताना, दर वेळी. चालतानाही करा, गर्दीत नव्या पेठेतनं चालताना डाव्या खांद्याला माणसं धडकायची थांबली की समजायचं सवय लागतेय. मग एखाद्या मोकळ्या मैदानावर भावाला घेऊन जा, हो, भावालाच. चुन्याची रेघ मारा, वीसच्या स्पीडनं या आणि पुढचं चाक बरोबर रेघेवर थांबवायचा प्रयत्न करा. मोजणी तुम्ही करायची नाही, भावानं पावलांनी मोजून वहीत लिहायचं, रेघेच्या किती अलीकडं, किती पलीकडं. मग तीसच्या स्पीडनं. मग ऊन डोक्यावर असताना आणि मग ऊन तोंडावर असताना. दोन विटा ठेवून त्यांच्यामधून गाडी काढा, विटा हळूहळू जवळ आणा. पहिल्या दिवशीचे आकडे आणि महिन्यानंतरचे आकडे शेजारी ठेवले की तुम्हाला भावाला समजवावं लागणार नाही, आणि आकडे हलले नाहीत तर त्याला तुम्हाला समजवावं लागणार नाही. गाडी २०१९ नंतरची असेल तर तिला सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारं) नाहीतर एबीएस (चाक जाम होऊ न देणारं) असतंय, जुनी असेल तर मैदानावरच करकचून ब्रेक मारून बघा कशी सरकते ते.

गाडीला दोन्ही आरसे पाहिजेत. आपल्याकडं पोरं गाडी घेतल्या घेतल्या आरसे काढून टाकतात, तुमच्या गाडीचा डावा आरसा आहे का ते मला माहीत नाही, नसेल तर आजच लावा. आणि हे आरसे फुगीर असतात, त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. हेल्मेट पूर्ण तोंडाचं, पण दुकानात घालून बघताना तोच चमच्याचा प्रयोग उजव्या बाजूला करा, काही हेल्मेटची कड उजवीकडचं उरलेलंही कापते, ते घेऊ नका. काच पांढरी, ओरखडे आले की बदलायची. आणि काचेच्या आत शून्य नंबरचा पॉलिकार्बोनेटचा चष्मा, गाडीवरच काय, कारखान्यातही. सोलापूरची धूळ, चिलटं, समोरच्या गाडीनं उडवलेला खडा, एरवी माणूस एक डोळा मिटून दुसऱ्यानं गाडी कडेला घेतो, तुम्ही तो एक मिटलात तर काय उरलं? मागावर तर चष्म्याशिवाय उभंच राहू नका, साथीदारांनाही सांगा.

रस्त्यावर उतराल तेव्हा आधी सुट्टीच्या दिवशी सकाळी, ओळखीचा रस्ता, ४० च्या आत, पुढच्या गाडीपासून तीन सेकंद. पुढची गाडी खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणायचं, त्याच्या आत तुम्ही खांबाला पोचलात तर जवळ आहात. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्या, परत मागं व्हा. ज्यांचा उजवा डोळा गेलाय त्यांचं दुखणं वेगळं, त्यांना उजवीकडून ओव्हरटेक करणारे दिसत नाहीत आणि ट्रकच्या मागून पुढं डोकावायला अख्खी गाडी उजवीकडं काढावी लागते, तेव्हा त्यांनी ओव्हरटेक करायचं जवळपास सोडूनच द्यावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्याला पट्टी आहे, किंवा चारपाच दिवसांसाठी एक डोळा बंद आहे, अशांनी दुचाकीला हातसुद्धा लावू नये, त्यांच्या मेंदूला शिकायला वेळच मिळालेला नाही. आणि ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे त्यांनी आपल्या अंदाजावर जाऊच नका, फील्ड टेस्टचा रिपोर्ट काय म्हणतो तेवढंच खरं.

राहिलं तुमचं ते वाक्य, गाडी गेली तर घरात बसलेला माणूस होईन. भाऊ, तुम्ही आठ महिन्यांतले बरेच दिवस बिनगाडीचे कामावर गेलात की. पगार आणलात, घर चालवलंत. रिक्षातून उतरून गेटवर जाताना लाज वाटली असेल, मित्राला रोज थांबवताना संकोच वाटला असेल, ते मी नाकारत नाही, पण त्याला घरात बसणं म्हणत नाहीत. सुपरवायझरला दिवसपाळी मागा, डोळ्याचा कागद दाखवून मागा, बहुतेक जण तोंडी मागतात म्हणून मिळत नाही. नाहीच मिळाली तर रात्री अकराला त्याच बाजूला जाणारे चारपाच जण सापडतील, मिळून एक रिक्षा बांधून घ्या. बायको स्कूटी शिकायला तयार आहे का, विचारलंत का कधी? आपल्या गावात बायका सर्रास चालवतात, मुलीची शाळा तिच्याकडं गेली तर तुमच्यावरचं निम्मं ओझं कमी होतं. तुमच्या पत्रात बायकोचं नाव फक्त लपवण्याच्या वाक्यात आलंय, ते मला खटकलं. सुरुवातीला तिनं तुम्हाला रोज रात्री अकरानंतर दार उघडलं आणि तिला माहीत नव्हतं तुम्ही कसे आलात.

मुलीला मागं बसवायचं कधी, तर तुमची तपासणी झाली, मैदान झालं, काही महिने एकट्यानं दिवसा विनातक्रार चालवलंत, आणि त्यानंतर बायको स्वतः तुमच्या मागं बसून आली आणि म्हणाली ठीक आहे, तेव्हा. तिचा होकार लागेल, तुमचा नाही चालणार, कारण डावीकडचं तिला दिसतं.

तोपर्यंत चावी भावाकडंच राहू द्या. त्याला एवढंच म्हणा, "विकू नको, पण रविवारी सकाळी चावी आणि एक वही घेऊन मैदानावर ये." सिव्हिलमध्ये किंवा तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं फील्ड टेस्टची तारीख या आठवड्यातच घ्या, आणि भरपाईच्या कागदांसाठी अपघाताच्या दिवशीचा हॉस्पिटलचा कागद आणि कारखान्यातल्या नोंदीची प्रत आधी हातात करा.